चाचांची मस्टँग

मोटारीचा मागचा अॅक्सल हा काही आमचा विषय नव्हे. आम्ही बी.एड. झालेले, उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवणारे. पण अमेरिकेतल्या आमच्या चाचांच्या घरी या अॅक्सलवरून मायलेकांत अबोला झाला आणि दोघांनीही फोन आम्हालाच केले. घरात कोणी मास्तर असला की असे तंटे त्याच्याच दारी येतात.

चाचा मिशिगन राज्यातल्या डिअरबॉर्नमध्ये स्थायिक झाले होते. हे फोर्ड कंपनीचे गाव. लेबनॉन आणि येमेनमधून आलेल्या कामगारांनी पिढ्यान्‌पिढ्या येथे संसार थाटले. 1964 साली बाजारात आलेली मस्टँग मोटार 2004 पर्यंत याच गावच्या कारखान्यात तयार होत असे. चाचांनी 1989 सालची मस्टँग जीटी जुन्या बाजारातून घेतली होती. आठ सिलिंडरचे, पाच लिटरचे इंजिन, 225 अश्वशक्ती. चाचांच्या इंतकालानंतर ती गॅरेजमध्ये झाकून पडली. आमच्या चुलतभावाला ती रस्त्यावर आणायची होती, पण मागचा ताठ अॅक्सल काढून त्या जागी स्वतंत्र सस्पेन्शन बसवून.

चाची म्हणाल्या, "बेटा, तू तरी त्याला समजाव. त्याच्या अब्बांनी हौसेने जपलेली चीज. आज अॅक्सल काढेल, उद्या इंजिन. मग त्यांचं काय उरलं त्यात?"

चाचींच्या या प्रश्नाला आमच्याकडे लगेच उत्तर नव्हते. म्हणून आधी मामला समजून घेतला.

ताठ अॅक्सल म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारे एकच अवजड लोखंड, मधोमध डिफरन्शियल. आपल्या एस.टी.च्या मागे असते तसेच. एक चाक खड्ड्यात गेले की दुसऱ्यालाही त्याचा हिसका बसतो. स्वतंत्र रचनेत डिफरन्शियल गाडीच्या अंगाला बांधलेले राहते, आणि त्यापासून निघालेल्या दोन छोट्या दांड्या चाकांना फिरवतात. प्रत्येक चाक आपापला खड्डा सोसते. आपल्या रिक्षाची मागची चाकेही अशीच वेगवेगळी हलतात. खड्ड्यासरशी वरखाली होणारे वजन जितके कमी, तितके चाक रस्त्याला धरून राहते. मिशिगनमध्ये हिवाळ्यात पाणी गोठते, वितळते, पुन्हा गोठते आणि डांबर फुटते. अशा रस्त्यावर हा फरक बसणाऱ्याला चांगलाच कळतो.

फोर्डने 1999 साली मस्टँगच्या कोब्रा या प्रकाराला असे सस्पेन्शन दिले. ते एका वेगळ्या चौकटीवर जुळवलेले होते आणि ताठ अॅक्सलच्याच जागी बोल्टने बसावे अशी त्याची आखणी होती. एकूण वजन सुमारे 80 पौंडांनी वाढले, पण चाकांबरोबर उसळणारे वजन सुमारे 125 पौंडांनी घटले. त्या गाडीचा सांगाडा 1979 पासूनच्या मस्टँगच्याच घराण्यातला, म्हणून थोड्या खटपटीने ही चौकट जुन्या गाडीलाही बसते.

गंमत अशी की सरळ रेषेत शर्यती खेळणारे काही कोब्रावाले हीच चौकट काढून ताठ अॅक्सल लावत. पूर्ण जोर दिला की रबरी बुशांत चाके थडथड उडत आणि दांड्या तुटण्याची भीती असे. एकाने उतरवलेले ते दुसऱ्याच्या कामी आले. कोणती रचना चांगली हे गाडी कशासाठी चालवायची यावर ठरते, एवढे आम्हाला उमगले.

मग आम्ही भावाला विचारले, "तू ही गाडी कशासाठी चालवणार?"

तो म्हणाला, "भाईजान, अम्मीला हिंडवायला. अब्बा तिला तलावाकाठी न्यायचे. आता तिची कंबर साथ देत नाही. धक्के बसतात म्हणून ती या गाडीत बसतच नाही."

हे त्याने आईला सांगितले नव्हते. आईने विचारले नव्हते. भांडण लोखंडाचे चालले होते आणि मूळ गोष्ट तोंडातच राहिली होती. आम्ही चाचींना फोन करून एवढेच सांगितले. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "जुना तुकडा भंगारात द्यायचा नाही. आणि गाडीचं अंग कापायचं नाही."

भावाने दोन्ही अटी मानल्या. काम सोपे नव्हते. जुन्या चाकांना चार बोल्ट, नव्या हबला पाच. त्यामुळे पुढचे हबही बदलावे लागले. मागे ड्रम ब्रेक होते, तेथे डिस्क आले. मग पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल नव्याने साधावा लागला. नवी चौकट रुंद, म्हणून चाके मडगार्डला घासू नयेत अशी निवडून आणावी लागली. चौकटीसाठी काही भोके पाडली, पण जुना अॅक्सल पुन्हा लावता येईल याची खबरदारी घेतली. शेवटी मागच्या चाकांचे कोन मोजून बसवले.

वाचकहो, वडीलधाऱ्यांची वस्तू झाकून ठेवणे हा अदब खरा. पण ज्या माणसांसाठी त्यांनी ती घेतली, त्यांच्या उपयोगी पडावी म्हणून तीत फेरफार करणे हाही अदबच, असे आम्हाला वाटते. मात्र जुने परत जोडता येईल इतकी जागा राखावी, आणि कशासाठी बदलतो आहोत ते घरच्यांना तोंडाने सांगावे.

पहिल्या फेरीनंतर चाचींनी आम्हाला फोटो पाठवला. गाडीचा नव्हता. गॅरेजच्या भिंतीला लागून, ग्रीस लावून ठेवलेल्या जुन्या अॅक्सलचा होता. त्याला बांधलेल्या पुठ्ठ्यावर चाचींनी उर्दूत चाचांचे नाव लिहिले होते.