स्लाइड स्कॅन करताना दोषाचे निदान

पारदर्शिका, म्हणजे प्रचलित भाषेत स्लाइड, हे स्वतःच पूर्ण झालेले चित्र असल्यामुळे तिच्या स्कॅनची पारख प्रकाशपेटीवर ठेवलेल्या मूळ स्लाइडशी ताडूनच करावी लागते. पडद्यावर डाग किंवा रेघ दिसताच संगणकावर दुरुस्ती सुरू करण्यापेक्षा स्लाइड १८० अंशांनी फिरवून पुन्हा स्कॅन करणे शहाणपणाचे ठरते. कारण दोष चित्राबरोबर फिरला तर तो फिल्मवर असतो आणि जागचा हलला नाही तर तो काचेवर, भिंगात किंवा प्रकाश टिपणाऱ्या संवेदकावर शोधावा लागतो.

फिल्म काचेला जेमतेम टेकते तिथे इंद्रधनुषी वर्तुळे उमटतात. न्यूटनची कडी म्हणून ओळखला जाणारा हा दोष प्रकाशलहरी एकमेकींत मिसळल्याने उद्भवत असल्यामुळे काच पुसून तो जात नाही. फिल्म काचेपासून किंचित उचलावी लागते किंवा सूक्ष्म खरखरीत पृष्ठभागाची काच वापरावी लागते. चौकटीतली फिल्म मध्यभागी फुगलेली असेल, तर मध्यावर साधलेला फोकस कडांना धूसर ठेवतो. अशा वेळी मध्य आणि कोपरा यांच्या दरम्यानचा बिंदू निवडल्यास धूसरपणा विभागला जाऊन सुसह्य होतो.

गडद भागांची अडचण अधिक खोल आहे. घनता ३ असणे म्हणजे पडलेल्या प्रकाशाचा केवळ हजारावा भाग पार जाणे, आणि स्लाइडमधील दाट सावल्या याहूनही गडद असू शकतात. तिथे संवेदकाचा स्वतःचा विद्युत गोंधळ रंगीत कणांच्या रूपाने दिसू लागतो. तीच ओळ अनेकदा वाचून सरासरी काढल्यास तो कमी होतो.

१९३५ मध्ये आलेल्या आणि २००९ मध्ये उत्पादन थांबलेल्या कोडाक्रोम या स्लाइड फिल्मची गोष्ट वेगळी आहे. धूळ आपोआप मिटवणारी यंत्रणा अवरक्त किरणांनी फिल्म तपासते. ई-६ या नेहमीच्या रासायनिक प्रक्रियेने तयार होणाऱ्या स्लाइडमधील रंगद्रव्ये हे किरण आरपार जाऊ देतात, पण कोडाक्रोमचा निळसर-हिरवा थर ते काही प्रमाणात शोषून घेतो, त्यामुळे गडद तपशील धूळ समजून पुसला जातो. म्हणूनच कोडाक्रोम स्कॅन करताना ही सोय आधी बंद ठेवावी, भिंगाखाली मूळ स्लाइड पाहावी आणि जे खरोखर धूळ आहे तेवढेच हाताने काढावे. कारण नको असलेला डाग नंतरही पुसता येतो, परंतु स्कॅनमधून नाहीसा झालेला तपशील त्या फाइलमध्ये परत आणता येत नाही.