पिकअपवरची यारी

बीड शहराजवळची खजाना विहीर ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे ठाऊक आहे की, निजामशाहीच्या अमदानीत सलाबतखानाने बांधविलेल्या त्या विहिरीतील पाणी कोणाला उपसावे लागत नाही. जमिनीखालच्या बोगद्यांतून, निव्वळ उताराच्या आधाराने, ते आपल्या पायांनी शेतापर्यंत चालत जाते. त्यानंतरच्या चार शतकांत आमच्या जिल्ह्याचे पाणी इतके खोल गेले की, पाच-सहाशे फुटांची कूपनलिका, तिच्यात सोडलेली मोटार, त्या मोटारीला वीज पुरविणारे रोहित्र आणि यांपैकी काहीही निकामी झाले म्हणजे ते उचलून गाडीत घालणारे हमाल, एवढा सारा लवाजमा घोटभर पाण्याच्या पाठीशी उभा करावा लागला. या लवाजम्यातील शेवटचे काम, म्हणजे ने-आणीचे, हा माझा चरितार्थ. एका ठेकेदाराच्या वतीने जळालेली रोहित्रे शेतावरून दुरुस्तीला आणणे आणि दुरुस्त झालेली परत पोहोचविणे हे मी माझ्या बोलेरो पिकअपमधून करीत असतो.

रोहित्र, ज्याला आमच्याकडे सर्रास डीपी म्हणतात, हे आडदांड जिन्नस आहे. त्रेसष्ट केव्हीएचे घेतले तरी तेलासह तीन-चारशे किलोंच्या घरात जाते. आणि धरावयास त्याला धड कोठे जागाही नाही, कारण वर चिनी मातीचे नाजूक बुशिंग आणि बाजूंना पत्र्याच्या नळ्या. रब्बीच्या दिवसांत, गहू-हरभऱ्याला पाणी देण्यासाठी एका रोहित्रावरचे सगळे पंप एकाच वेळी सुरू झाले की ते तापते आणि जळते. नेमक्या याच वेळी, दसरा-दिवाळी उलटताच, आमच्या जिल्ह्यातील लक्षावधी धडधाकट स्त्री-पुरुष कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे ऊसतोडीस निघून गेलेले असतात. गावात उरतात म्हातारी माणसे आणि शाळकरी पोरे. त्यांच्या खांद्यांवर चारशे किलोंचे लोखंड द्यावयाचे हे मला कधीच प्रशस्त वाटले नाही, आणि पाटोद्याकडच्या एका शिवारात फळीवरून सरकलेल्या रोहित्राखाली एका वृद्ध गृहस्थाचे पाऊल येता येता वाचले, तेव्हा गाडीवर यारी बसवावयाची हा निश्चय पक्का झाला.

वाहनावरची द्रवचलित यारी ही काही आजची कल्पना नव्हे. स्वीडनमध्ये एरिक सुंडिन या गृहस्थाने, जो मुळात बर्फावरून घसरण्याच्या पट्ट्या बनविणारा कारखानदार होता, मालमोटारीच्या इंजिनाच्याच बळावर यारी चालवावी हा विचार मांडला, आणि 1944 मध्ये त्याने काढलेली ‘हियाब’ ही कंपनी आजही या धंद्यात अग्रेसर आहे. तथापि तिकडच्या अवजड मालमोटारीला जे सहज झेपते ते साडेतीन टनांच्या आतल्या पिकअपला झेपेलच असे नाही.

ज्या विक्रेत्याशी पहिली बोलणी केली त्याने ‘एक टनाची आहे’ असे मोठ्या दिमाखाने सांगितले. एक टन किती अंतरावर, हा माझा प्रश्न त्याला अनाठायी वाटला. “टन म्हंजे टन, त्यात काय बघायचं ओ शेठ?” असे त्याचे उत्तर. वास्तविक सारी मेख अंतरातच आहे. खांबापासून मीटरभरावर टन तोलणाऱ्या भुजेने दोन मीटरांवर पाचशे किलोंच्या पुढे जाता कामा नये, आणि भुजेचे स्वतःचे वजन जमेस धरले तर त्याच्याही बरेच आत राहावे. अंतरनिहाय भाराचा छापील तक्ता देण्याची ज्याची तयारी नव्हती त्याच्याकडून माल घेण्याची माझीही तयारी नव्हती. दुसऱ्या एकाने तक्ता दिला. सौदा तेथे झाला.

बसविण्याचे काम ज्या मिस्त्रींनी केले ते वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, आणि गाडीच्या चेसिसला ते जणू गाईच्या पाठीवरून हात फिरवावा तसा हात लावीत. चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडावयाचे नाही आणि तिच्यावर वेल्डिंगची ठिणगी पडू द्यावयाची नाही, हा त्यांचा दंडक. कारण ताण सर्वांत अधिक त्या पट्ट्यांवरच येतो आणि तडा तेथूनच सुरू होतो. म्हणून केबिनच्या मागे, चेसिसच्या लांबीला धरून, आधी चॅनेलची दुय्यम चौकट घातली. तिची टोके तिरपी कापली, जेणेकरून भार एके ठिकाणी एकवटू नये. आणि ती यू-बोल्टांनी आवळताना चेसिसच्या पोकळीत लोखंडी ठोकळे घातले, नाहीतर आवळण्यानेच पट्टी चेपली असती. मागच्या कोपऱ्यात यारी बसविली असती तर हात अधिक पोहोचला असता हे खरे, पण पुढची चाके हलकी होऊन घाटात स्टिअरिंग बेभरवशाचे झाले असते. पंपाची मोटार बाराच व्होल्टची असल्याने विजेचा प्रवाह दीडशे अँपिअरच्या वर जातो. त्यासाठी बोटाएवढी जाड केबल आणि बॅटरीच्या अगदी लगत फ्यूज घातला.

जमिनीचा प्रश्न मात्र कोणत्याही तक्त्यात नव्हता. आष्टी-पाटोद्याच्या मुरमाड माळावर बाजूचे जॅक निर्धास्त उभे राहतात. गेवराई-माजलगावच्या गोदाकाठच्या काळ्या रानात, त्यातही नुकतेच पाणी दिलेले असेल तर, तेच जॅक भार येताच खाली रुततात आणि गाडी कलते. तेव्हापासून जाड फळ्या गाडीत कायमच्या ठेवल्या आहेत.

आता कागदांविषयी. मोटार वाहन अधिनियम, 1988 याच्या कलम 52 अन्वये नोंदणीतील तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात परस्पर करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला. म्हणून बसवणीपूर्वीच आराखड्यासह अर्ज केला आणि बसवणीनंतर वजनकाट्याची पावती जोडून गाडी तपासणीस हजर केली. तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी विचारलेला प्रश्न मार्मिक होता: जॅक खालीच राहिला तर चालकास कळणार कसे? त्यांच्या सूचनेवरून केबिनमध्ये तांबडा दिवा बसला. यारी आणि चौकट मिळून रिकाम्या गाडीचे वजन सुमारे तीनशे किलोंनी वाढले, कमाल वजनाची मर्यादा जागच्या जागी राहिली, आणि तेवढा माल वाहण्याचा हक्क मी गमावला. धंद्याच्या दृष्टीने हा तोटा लहान नाही. तरी तो सोसण्याजोगा आहे असे माझे मत आहे.

दोन खांबांवरच्या चौकटीतून रोहित्र खाली उतरविणे अजूनही चेनपुलीचेच काम आहे. जमिनीपासून हौद्यापर्यंतचे तेवढे यारी करते, आणि त्याला चालक व एक मदतनीस पुरतो. या व्यवसायातील जे बंधू यारी घेऊ इच्छितात त्यांनी तक्ता लेखी घ्यावा, नोंदणीत बदल रीतसर रुजू करावा, आणि अकरा हजार व्होल्टच्या तारांजवळ, लाइन बंद झाल्याची खात्री स्वतः केल्यावाचून, भुजा उघडू नये.