तेरावा हान

जपानी माहजोंग शिकायला येणारे स्वप्न बघतात याकुमानचं, म्हणजे सगळ्यात महाग हाताचं, आणि अडकतात तीन हान, चाळीस फूवर. हान आणि फू ही हाताची किंमत ठरवणारी दोन मापं. ५२०० हे उत्तर तोंडून बाहेर पडेपर्यंत चहा गार होतो. मी त्यांना सांगतो, घाबरू नका, हात जितका महाग तितका हिशेब सोपा.

एकेक हान वाढला की गुण दुप्पट होतात. हे दुपटीचं गाडं मोकळं सोडलं, तर दुसऱ्याने टाकलेल्या सोंगटीवर जिंकलेल्या तेरा हान, तीस फूच्या हाताला ३९ लाखांवर गुण द्यावे लागतील. आणि बसताना प्रत्येकाकडे असतात २५,०००! म्हणून पाच हानला मानगानचा कठडा घातलाय: ८०००. तिथून वर फू मोजायचेच नाहीत, नुसत्या पायऱ्या. सहा-सात हानला हानेमान, १२,०००. आठ ते दहा बाइमान, १६,०००. अकरा-बारा सानबाइमान, २४,०००. तेराला याकुमान, ३२,०००. ओया, म्हणजे त्या डावाचा यजमान जिंकला तर दीडपट. आठ हान हातात असताना नवव्यासाठी ताटकळणारा माणूस पाहिला की मला कीव येते. दहापर्यंत त्याला एक गुणही जास्त मिळणार नसतो.

जातिवंत याकुमानला तर हानसुद्धा मोजत नाहीत. तीन ड्रॅगनांचे तीन तिकडे जमले की दाइसानगेन, विषय संपला. तेरा हान गोळा करून झालेलं याकुमान मात्र सगळीकडे चालत नाही. तोक्योत मी शनिवारी जिथे शिकवतो, तिथल्या नियमांत ते नाही.

एकदा तिथे एका आजोबांनी रीची लावली, म्हणजे एकाच सोंगटीची वाट बघतोय असं जाहीर केलं, आणि पुढच्याच फेरीत स्वतः आठ ओढला. सगळ्या सोंगट्या 'मान' या एकाच रंगाच्या: २२३३४४, ५६७, ६७८ आणि नव्वांची जोडी. रीची, इप्पात्सु, त्सुमो, पिन्फू, ईपेको असे पाच आणि बंद एकरंगी हाताचे सहा, झाले अकरा. मग त्यांनी भिंतीतली खालची सोंगटी उलटवली. मानचा आठ! म्हणजे त्याच्या पुढचा नऊ हा उरा-दोरा, दर सोंगटीला एक हान बक्षीस, आणि नव्वे त्यांच्याकडे दोन. तेरा.

ओया होता एक कॉलेजचा मुलगा, शिल्लक १५,४००. कुणी स्वतः ओढून जिंकलं की निम्मे गुण ओयाने द्यायचे; याकुमान धरलं तर त्याला १६,००० द्यायचे, म्हणजे दिवाळं आणि खेळ खलास. त्याने माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडायच्या आत आजोबा म्हणाले, "सहा हजार, बारा हजार." सानबाइमानच. मुलाने खणातून दहा हजारांची आणि पाच हजारांची काडी पुढे सरकवली. आजोबांनी एकेक लाल ठिपक्याच्या तीन काड्या मोजून परत दिल्या आणि सोंगट्या मधल्या भोकात ढकलल्या.