चोक ठेवावा की काढावा?

देशापुढचे आणि समाजापुढचे मोठे प्रश्न या अंकात इतर लेखक हाताळतीलच. मी ज्या प्रश्नाविषयी लिहिणार आहे, तो अंगठ्याएवढ्या एका घुंडीचा आहे. जुन्या मोटारीचा चोक ठेवावा की काढून टाकावा, यावरून गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरात चक्क दोन तट पडले. दोन्हीकडची माणसे शहाणी होती, म्हणूनच वाद रंगला.

मोटार आजोबांची. 1975 सालची प्रीमियर पद्मिनी. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाडीला आमच्याकडे कुणी पद्मिनी म्हणत नाही, ती 'फियाट'च. मूळच्या इटालियन फियाट अकराशेचेच ते देशी रूप, आणि पद्मिनी हे नाव तिला 1974 मध्ये मिळाले. त्या काळी गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. आजोबा भालकीला डॉक्टर होते. रात्री-अपरात्री खेड्यातून बोलावणे आले की हीच गाडी निघे. पुढे आजोबा गेले, दवाखाना बंद झाला आणि फियाट बीदरला आमच्या अंगणात आली. आता दसऱ्याला तिची पूजा होते आणि महिन्यातून एखादी फेरी होते, तेवढेच.

ज्यांनी चोक पाहिलेलाच नाही, अशा वाचकमित्रांसाठी थोडे सांगतो. पेट्रोल जळते ते वाफ होऊन हवेत मिसळल्यावर. साधारणपणे एक भाग पेट्रोलाला वजनाने पंधरा भाग हवा लागते. पण इंजिन गार असले की पेट्रोलाची नीट वाफ होत नाही. बरेचसे नळीच्या भिंतींनाच चिकटून राहते. अशा वेळी मिश्रणात पेट्रोलाचे प्रमाण वाढवावे लागते. हे काम चोकचे. घुंडी ओढली की काही कार्बोरेटरांत हवेच्या वाटेवरची पाकळी मिटते, तर काहींत सुरुवातीपुरती पेट्रोलाची निराळी वाट उघडते. रीत कोणतीही असो, गार इंजिनाला पहिले काही क्षण जास्तीचे पेट्रोल मिळते. इंजिन तापले की घुंडी परत आत ढकलायची.

वादाला तोंड फोडले ते उस्तादांनी. चोकची तार गंजून अडकली होती. ती पाहून ते काकांना म्हणाले, "क्या करते साब उसकू रखके? निकाल देव. मैं सेटिंग कर देतूं." काकांना हे तात्काळ पटले. त्यांचे म्हणणे असे, की आपल्याकडे वर्षातले बरेच महिने उन्हाचे. मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो. चोक लागतो कितीदा? उलट चोक ओढून आत ढकलायचे राहून गेले की काळा धूर निघतो, प्लग काळे पडतात, आणि कच्चे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचे तेल धुऊन खाली इंजिनच्या तेलात उतरते. घरातली तरुण मुले नव्या गाड्यांवर शिकलेली. त्यांच्या हाती अशी घुंडी द्यावीच कशाला?

हा युक्तिवाद पोकळ नाही. यातले एकही विधान खोटे नाही. पण 'सेटिंग कर देतूं' या तीन शब्दांपाशी मी थबकलो. चोक काढल्यावर करायची ती सेटिंग म्हणजे काय? उस्तादांनी मोकळेपणाने सांगितले : स्लो रनिंगचे मिश्रण थोडे जादा पेट्रोलाचे करायचे, आणि थंडीत चार वेळा ॲक्सिलेटर दाबून सेल्फ मारायचा.

माझ्या मते सगळ्या वादाची किल्ली इथे आहे. चोक काढला म्हणून गार इंजिनाची गरज संपत नाही. ती दुसऱ्या कुणाच्या तरी माथी येते. जे जादा पेट्रोल दोन-तीन मिनिटांपुरते द्यायचे, ते गाडी उभी असताना इंजिन चालू असेपर्यंत, तापल्यावरही, दिले जाते. उरलेला भार बॅटरीवर आणि सेल्फवर पडतो. चोक विसरल्याने जे नुकसान कधीमधी होते, त्याचीच थोडीथोडी सोय आपण कायमची करून ठेवतो.

नव्या मोटारींना चोक नाही, हेही काकांनी बजावले. दिसत नाही, हे खरे. 2000 सालानंतर प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, कार्बोरेटर गेले आणि इंजेक्शन आले. पण तिथेही इंजिन किती गार आहे हे मोजणारे यंत्र असतेच, आणि त्यावरून संगणक पेट्रोल वाढवतो, मग कमी करतो. म्हणजे चोकचे काम गेलेले नाही. ते माणसाच्या हातून यंत्राकडे गेले. आमच्या फियाटमध्ये असे यंत्र नाही. तिथे ते काम करणारा माणूसच हवा.

शिवाय आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलची वाफ व्हायला उष्णता जास्त लागते, म्हणजे गार इंजिन सुरू करणे आणखी अवघड. बीदरचे पठार उंचावर. अहमदशहा वलीने गुलबर्ग्याहून राजधानी इथे हलवली, त्यामागे इथली हवा हेही एक कारण सांगतात. ती हवा सुलतानाला मानवली असेल. पौषातल्या पहाटे फियाटला मानवत नाही.

वाद मिटला तो मात्र आजीच्या बोलण्याने. ती म्हणाली, "रात्री दोनला बोलावणं यायचं. दारात बाळंतिणीचा नवरा नाहीतर भाऊ उभा असायचा. हे चोक ओढून गाडी लावायचे आणि चालू ठेवून बॅग घ्यायला आत यायचे. बॅग घेऊन परत गेले, की चोक निम्मा आत ढकलायची वेळ झालेली असायची. गाडी लागली नाही तर त्या माणसाला काय सांगायचं, याचीच त्यांना धास्ती." मग थोडे थांबून म्हणाली, "काढायचा असेल तर काढा. पण कुणाला वापरता येत नाही म्हणून काढू नका. वापरायला शिका."

काका काही बोलले नाहीत. शेजारचे निवृत्त कन्नड मास्तर कट्ट्यावर बसून हे सारे ऐकत होते. त्यांनी दोनच शब्दांत निकाल दिला : "इरली बिड्री!" म्हणजे राहू द्या हो. उस्तादांनीही मनावर घेऊन हैदराबादहून नवी तार मागवली आणि हौसेने बसवली.

आता आमच्या घरी रीत ठरली आहे. इंजिन गरम असेल तर चोकला हात लावायचा नाही. उन्हाळ्यात बहुधा लावावा लागतच नाही. थंडीत पूर्ण ओढायचा, ॲक्सिलेटर न दाबता सेल्फ मारायचा, इंजिन लागले की कान देऊन ऐकायचे. आवाज जड झाला की निम्मा आत, आणि फाटकाबाहेर पडून कोपऱ्यावर पोहोचेपर्यंत पूर्ण आत. धाकट्या चुलतभावाला हे शिकवण्याचे काम काकांनीच अंगावर घेतले आहे. तो चोक ओढतो तेव्हा काका शेजारी बसतात आणि घुंडी आत जाईपर्यंत तिच्यावरची नजर हलवत नाहीत.