पाठविण्यापूर्वीचा क्षण

समोरासमोर कोणी टोचून बोलला, तर ऐकणाऱ्याचे डोळे पाणावलेले दिसतात आणि बोलणाऱ्याची जीभ आवरते. समाजमाध्यमांवर ते डोळे दिसत नाहीत. म्हणून तेथील थट्टेचा पाहता पाहता छळ होतो. घराचे दार लावले, तरी तो थांबत नाही. अशा छळाने एका मुलीचा बळी घेतल्याचे २०१३ साली अमेरिकेतील १३ वर्षांच्या त्रिशा प्रभूने वाचले. ती हळहळली, पण नुसती हळहळून थांबली नाही. तिने ‘रीथिंक’ नावाचे साधन घडविले. कठोर शब्द लिहिताच ते विचारते, ‘हे खरोखरच पाठवायचे आहे का?’ तिच्या प्रयोगात शंभरांपैकी ९३ वेळा मुलांनी आपला विचार बदलला. ती मुले दुष्ट नव्हती. क्षणभर थांबणे तेवढे त्यांना कोणी शिकविले नव्हते.