माळ्यावरचा पाय

मैत्रिणींनो, एक विचारते, रागवू नका. तुमच्या घरात, नात्यात, नाहीतर शेजारीपाजारी कुणाचा कृत्रिम पाय माळ्यावर पडलेला आहे का? जुनी पितळेची भांडी, मोडका पाळणा, नातवाची तीनचाकी सायकल आणि त्यांच्यामागे फडक्यात गुंडाळलेला तो पाय. आणला तेव्हा हार-फोटो झाले, पेढे वाटले. पुढे पंधरा दिवसांत "टोचतो", महिन्याभरात "सैल होतो", आणि मग कुबड्या बऱ्या म्हणून पाय गेला वर. आमच्याकडे तो पाच महिने वर होता. तो खाली कसा आला, ते आज सांगायचं आहे.

मी लोणावळ्याला शिवणाचे क्लास घेते. डॉक्टर नाही, नर्सही नाही. सासर माझं पवन मावळात. तिथं आमची भाताची चार खाचरं आहेत आणि ती माझ्या मोठ्या जाऊबाई करतात. थोरले दीर तळेगावला कारखान्यात, आमचे हे लोणावळ्यात. तेव्हा शेत कुणाचं, तर सातबाऱ्यावर भावांचं आणि खरं म्हणाल तर जाऊबाईंचं! राब भाजण्यापासून झोडणीपर्यंत सगळं त्यांच्या अंगावर.

2022 च्या जुलैत चिखलणी चालू असताना जाऊबाईंचा उजवा पाय पॉवर टिलरच्या पात्यांत गेला. पाऊल वाचलं नाही, पण गुडघा वाचला. तेव्हा कुणी "नशीब गुडघा तरी वाचला" म्हटलं की मला संताप यायचा. आता त्याचा अर्थ कळतो. गुडघा आपला असला की कृत्रिम पायाने चालायला कष्ट पुष्कळच कमी पडतात. बसणं, उठणं, बांध चढणं, सगळं त्या एका सांध्यावर असतं.

दवाखान्यातून घरी सोडताना एका पुडीत त्यांचं जोडवं दिलं. जाऊबाईंनी पुडी उघडली, बघितलं आणि म्हणाल्या, "आता हे कुठं घालू ग?" मला काही बोलता येईना. पुढे त्यांनीच ते डाव्या पायाच्या दुसऱ्या बोटात घातलं. आजही त्यांच्या एकाच पायात दोन जोडवी आहेत.

जोडवं दिलं, पण घरी काय करायचं ते मात्र त्या दवाखान्यात कुणी सांगितलं नाही. नाव घेत नाही. घेऊन काय होणार? सासूबाईंनी मायेने गुडघ्याखाली मऊ उशी ठेवली. तुम्ही-आम्ही कुणीही हेच केलं असतं. तळेगावच्या एका फिजिओथेरपिस्ट बाई आल्या आणि त्यांनी पहिली ती उशी काढली. "आजी, ही माया पायाला महाग पडेल," म्हणाल्या. गुडघा असा वाकवून ठेवला की तसाच आखडतो, आणि आखडलेल्या गुडघ्याला कुठलाही पाय नीट बसत नाही. उरलेल्या पायाला लवचीक पट्टी बांधायची, तीही खाली घट्ट आणि वर सैल, म्हणजे सूज उतरून त्याला आकार येतो. जखम भरली की दिवसातून दोनदा सुती कापडाने हलकेच चोळायचं, म्हणजे कातडी स्पर्शाला सरावते. कसरत काय ती एवढीच, पण रोज.

रात्री वेगळंच चाले. नसलेल्या पायाचा अंगठा ठणकायचा! सासूबाईंना वाटलं, बाहेरचं काहीतरी आहे. पण तसं नव्हतं. पाय गेला तरी मेंदूतली त्याची जागा राहते, म्हणून पुष्कळांना हे होतं. मूळचे चेन्नईचे डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी 1990 च्या दशकात यावर एक साधा उपाय काढला, तो म्हणजे आरसा. दोन पायांच्या मध्ये आरसा उभा धरायचा आणि त्यात धडधाकट पाय बघत तो हळूहळू हलवायचा. मेंदूला वाटतं, दोन्ही पाय हलताहेत. सगळ्यांना गुण येतो असं नाही. आमच्याकडे कपाटाचा आरसा काढून लावला आणि जाऊबाईंची झोप परत आली.

दारावर मात्र दुसरंच ठणकत होतं. आमच्या भागात बंगल्यांचे प्लॉट पाडणारे एजंट फिरतात, तुम्हाला माहीत असेलच. "वहिनींना आता शेत थोडंच होणार? चांगला भाव देतो." दीर गप्प बसायचे, आमचे हेही गप्प बसायचे. खाटेवर पडल्या पडल्या जाऊबाई सगळं ऐकायच्या. पाय नाही तर शेत नाही, असा तो हिशोब होता.

कृत्रिम पाय ही काही आजची गोष्ट नव्हे. ऋग्वेदात विश्पलेची कथा आहे. लढाईत तिचा पाय तुटला आणि अश्विनीकुमारांनी तिला लोखंडी पाय बसवून दिला. बघा, त्या कथेतही पाय लागला तो बाईलाच! आपल्या पुण्याला वानवडीत 1944 पासून लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र आहे. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या जवानांसाठी ते निघालं. 1971 च्या युद्धात सुरुंगावर पाय पडलेले आणि आपल्याच खुकरीने तो कापणारे इयान कार्डोझो यांना पुण्यातच कृत्रिम पाय बसला. पुढे त्यांनी त्या पायावर बटालियन आणि ब्रिगेडचं नेतृत्व केलं आणि मेजर जनरल होऊन निवृत्त झाले.

पण आपलं घर म्हणजे काही छावणी नाही. आपल्याला मांडी घालायची असते, उकिडवं बसायचं असतं, अनवाणी देवघरात जायचं असतं. परदेशी धर्तीचे जुने पाय बुटात घालण्यासाठी केलेले. त्यांना ना ओलं चालायचं, ना घोटा वाकायचा. शेतकरी ते दोन दिवस वापरून ठेवून द्यायचे. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयातले डॉ. प्रमोद करण सेठी आणि तिथले कारागीर रामचंद्र शर्मा यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस रबराचं पाऊल केलं. ट्रकच्या टायरला नवं रबर चढवताना बघून शर्मांना ते सुचलं अशी हकिकत सांगतात. या पावलाला बूट लागत नाही, पाणी चालतं आणि ते सगळीकडून थोडं वाकतं. सेठींना 1981 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मिस्त्रींचं नाव मात्र त्या मानाने मागे राहिलं. आपल्याकडे हाताने करणाऱ्याचं असंच होतं. 1975 पासून जयपूरची भगवान महावीर विकलांग सहाय्यता समिती हे पाय फुकट देते. आणि सुधा चंद्रन तर तुम्हाला ठाऊकच आहेत. 1981 मध्ये पाय गमावला आणि 1984 मध्ये त्या जयपूर फूटवर पुन्हा रंगमंचावर नाचल्या. 'नाचे मयूरी' बघताना आपण सगळ्याच रडलो होतो.

तर 2023 च्या फेब्रुवारीत पुण्याच्या एका शिबिरात जाऊबाईंना असाच पाय मिळाला. प्लॅस्टरने माप घेतलं, त्याचा साचा केला आणि शेताच्या पाण्याला वापरतात त्याच जातीच्या प्लॅस्टिकचा पाइप तापवून साच्यावर ओढला. खाली रबरी पाऊल, वर बांधायला पट्टा. संध्याकाळपर्यंत पाय तयार! काम स्वच्छ होतं, माणसं चांगली होती. पण माप घेतलं तेव्हा उरलेला पाय पुरता आटलेला नव्हता. पहिले कित्येक महिने तो आटतच असतो. दीड महिन्यात वरचं सॉकेट, म्हणजे ज्या पेल्यात पाय जातो ते, सैल झालं. पाय आत खाली घसरायचा आणि हाड टोचायचं. नडगीवर फोड आला आणि पाय माळ्यावर गेला. तो आता जन्माचा वर गेला, असं सगळ्यांनी धरलं.

त्या फिजिओथेरपिस्ट बाईंनीच विचारलं, "फ्रॉक लहान झाला तर दुसरा शिवता ना? मग सॉकेट का नाही?" माझ्यासारखीला हे एका वाक्यात पटलं. पाऊल तेच राहू शकतं, वरचा पेला नवा करायचा.

ऑगस्टात आम्ही पुण्याला दुसऱ्या एका ठिकाणी गेलो. कामशेतला लोकल पकडली. दोन कुबड्यांवर लोकलची पायरी चढणं काय असतं, ते एकदा बघाच! माप घ्यायला पुरुष तंत्रज्ञ होते. हे आधीच माहीत होतं म्हणून मी परकराच्या आत घालायला सैल, गुडघ्याच्या वर येणारी चड्डी शिवून नेली होती. बायका संकोचाने पाय नीट दाखवत नाहीत, उभ्या राहून "बरं आहे" म्हणतात आणि घरी येऊन रडतात. तुमच्या माणसाला सांगून ठेवा, तिथं भिडस्तपणा नको. दुखतं ते बोट ठेवून दाखवायचं. आणि मला काय करायचंय तेही सांगायचं. जाऊबाईंनी सांगितलं, "मला आवणी करायचीय." ते गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी पट्टा बदलून दिला, गुडघ्याच्या वर घट्ट बसणारा. चिखल पाऊल ओढून धरतो तेव्हा पाय निसटू नये म्हणून.

पाय मिळाला त्या दिवसापासून खरं काम घरातच होतं. पहिल्या दिवशी अर्धा तास घालायचा, काढायचा आणि कातडी बघायची. मागची बाजू दिसत नाही म्हणून हातात आरसा. लाली पंधरा-वीस मिनिटांत गेली तर ठीक, नाही गेली तर तिथं दाब पडतोय असं समजायचं आणि पाय घेऊन परत जायचं. फोडावर हळद लावून रेटायचं नाही. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी तर अजिबात नाही, त्यांना दुखल्याचंही कळत नाही. उरलेला पाय रात्री धुवायचा, सकाळी नाही. धुतलेली कातडी थोडी फुगते आणि मग सॉकेट आवळतं. दिवसा पाय थोडा आटतो, म्हणून सकाळी एक मोजा आणि दुपारी सैल वाटलं की त्यावर दुसरा. हे मोजे बिनशिवणीचे मिळतात तेच बरे. ते येईपर्यंत मी जुन्या मऊ बनियनचे शिवले, पण शिवण बाहेरच्या अंगाला ठेवली. सुरकुतीसुद्धा खपत नाही. पोळीवरच्या पिठासारखी हाताने सपाट करायची.

लोणावळ्या-मावळाचा पाऊस म्हणजे मोजे वाळायची पंचाईत! सहा जोड केले तेव्हा कुठे पुरले. आणि एक सांगते, ओला पाय चुलीशेजारी ठेवू नका. तापवूनच आकार दिलेलं प्लॅस्टिक ते, पुन्हा तापलं तर आकार जाईल. फडक्याने पुसून उलटा, वाऱ्याला ठेवायचा.

हात गेलेल्यांचं थोडं वेगळं आहे. एका हाताने पुष्कळ कामं होतात, म्हणून कृत्रिम हात आणखी लवकर माळ्यावर जातो. अमेरिकेतल्या मेडोज दाम्पत्याने एलन या आपल्या लेकीच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या संस्थेचा एक साधा प्लॅस्टिकचा हात रोटरी क्लबांमार्फत फुकट मिळतो. कोपराच्या खाली थोडा हात शिल्लक लागतो. पेन, चमचा, पिशवी धरता येते. ज्यांना उपयोग असेल त्यांनी जवळच्या रोटरीत चौकशी करावी.

आमच्याकडे दिवाळीपर्यंत जाऊबाई घरात कुबडीशिवाय चालायला लागल्या. सासूबाईंनी विहिरीवर जाऊ नको म्हणून फार धोशा लावला, पण फिजिओथेरपिस्ट बाईंनी त्यांना गप्प केलं. त्यांच्या मते पडायची भीती घरच्यांना जास्त असते आणि त्या भीतीपायी माणूस खाटेवर बसतो. मला हे अगदी पटतं.

2024 च्या जुलैत आवणी आली. एजंट जूनमध्येच येऊन गेला होता. दिरांनी त्याला "पाऊस झाल्यावर बघू" म्हटलं होतं. पहिल्या दिवशी जाऊबाई बांधावर बसून रोपांच्या मुठी फेकून देत होत्या. दुसऱ्या दिवशी कुणाला न विचारता खाचरात उतरल्या. पाऊल रुतलं, वर घेताना पट्टा ताणला, पण पाय सुटला नाही. उलटं पाऊल टाकत मागे सरकणं मात्र जमेना. तेव्हा त्यांनी एक ओळ लावायची आणि काठी टेकून कडेकडेने सरकायचं अशी आपली रीत काढली. दोन तास केलं आणि मग वर आल्या. पूर्वी त्या दिवसभर करायच्या, तेवढं आता होत नाही. ते मजुरीच्या दोन बायका करतात, पण कुठल्या खाचराला कधी पाणी सोडायचं ते बांधावरून जाऊबाईच सांगतात. दिवाळीनंतर इंद्रायणीची पोती घरात आली. एजंट परत आला, त्याला दिरांनीच चहा दिला आणि वाटेला लावलं.

आता त्या पावलाच्या रबराला टाचेशी भेग पडली आहे. शेतात वापरलं की ते लवकर झिजतं. पुढच्या महिन्यात पुण्याला जायचंय. जाताना जुना पाय, दोन मोजे, ती सैल चड्डी आणि जेवणाचा डबा घ्यायचा. जाऊबाईंचा निरोप आलाय, "लोकल सकाळची धर, दुपारी गर्दी असते."