गादी आणि मसलत

जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार इंग्रजांचे वकील चार्ल्स मॅलेट यांच्या ओळखीने पुणे दरबारात आला. 1792 मध्ये त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांना एकाच तैलचित्रात बसवलं. ते चित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. पेशवे अठरा वर्षांचे, जवाहिराने मढलेले. शेजारी पन्नाशीचे नाना, मागे सेवक.

असं चित्र कसं वाचायचं, ते आमच्या मांजरीत कोणालाही विचारा. 2021 मध्ये मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत गेलं आणि इथेही ‘भावी नगरसेवक’ झळकू लागले. फ्लेक्सवर वर नेत्यांची रांग, मधोमध हात जोडलेले दादा, तळाशी टिकलीएवढे शुभेच्छुक. चहाच्या टपरीवरची मंडळी चेहरा बघतच नाहीत, जागा बघतात. वरच्या रांगेतून यंदा कोण गळालं? कोण कोणाला खेटून उभं? फ्लेक्सचे पैसे कोणी भरले?

वेल्सच्या चित्रात जागेचं उत्तर सरळ आहे: मान पेशव्यांचा. पण जेमतेम चाळीस दिवसांच्या या मुलाला वस्त्रं मिळाली, तेव्हापासून कारभार बारभाईंचा, म्हणजे कारभाऱ्यांच्या मंडळाचा, आणि पुढे एकट्या नानांचा. मग चित्र खोटं का? मला नाही तसं वाटत. नानांचा हुकूम चालायचा तो पेशव्यांच्या नावाने. पेशवे पेशव्यांसारखे दिसावेत, ही गरज नानांचीच. त्या मोत्यांच्या तेजात त्यांचाही वाटा होता. असाच प्रश्न दुसऱ्या एका चित्रातही पडतो: चित्रकार टिशियनने 1546 च्या सुमारास पोप तिसरा पॉल आणि त्याचे दोन नातू रंगवले. त्यातला एक कमरेत वाकलेला आहे. ती अदब की डाव, हे टिशियन उघड करत नाही. वेल्सच्या चित्रात तर कोणी वाकलेलंही नाही.

1795 मध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून पडून गेले. अपघात की आत्महत्या, हा वाद अजून मिटलेला नाही. ते ठाऊक असल्यामुळे आपण चित्रातल्या डोळ्यांत उदासी शोधत बसतो. त्यापेक्षा नानांचं पुढे काय झालं ते पाहावं. गादीवर दुसरा बाजीराव आला, मसलतीची घडी विस्कटली आणि 1797 संपताना नाना शिंद्यांच्या कैदेत होते. पेशव्यांना नाना हवे होते, हे सगळ्यांना दिसत होतं; नानांना पेशवे किती हवे होते, ते पेशवे गेल्यावर कळलं.